ओब्राद सरदाराचा मूठभर गहू

एका राज्यात, दूर सर्ब लोकांच्या डोंगराळ मुलखात, ग्रादिमीर नावाचा राजा होता. राजा हावरट, आणि हावरटाला जादूगार भेटायला वेळ लागत नाही. राजाने सोनं मागितलं, जादूगाराने दिलं. त्या क्षणी राज्यातला गव्हाचा दाणा न् दाणा सोन्याचा झाला. कोठारं लखलखली, चुली विझल्या. सोनं काही शिजत नाही.

त्याच राज्यात ओब्राद नावाचा सरदार राहत होता. गढी लहान, मन मोठं. गावातली पोरं भुकेने रडेनाशी झाली, तेव्हा त्याने घोड्यावर खोगीर चढवलं. वाटेत एक ससाणा त्याला म्हणाला, "जादूगार काळ्या डोंगरावर आहे. तो तीन कामं सांगेल. दोन ताकदीची असतील." तिसऱ्याचं काहीच न सांगता तो उडून गेला. पक्षी झाला म्हणून सगळं थोडंच सांगतो?

जादूगाराने सात तोंडांच्या अजगराच्या झऱ्याचं पाणी मागितलं. ओब्रादने आणलं. मग आगीच्या घोडीच्या आयाळीतला केस मागितला. तोही आणला, मिशा तेवढ्या जळल्या. तेव्हा जादूगाराने त्याच्या ओंजळीत मूठभर खरा गहू टाकला.

"तीन दिवस सांभाळ आणि चौथ्या दिवशी पेर. शाप उतरेल. तोवर एक दाणा जरी कुणाच्या पोटात गेला, तर ह्या राज्यात पुन्हा गहू उगवणार नाही."

तिसऱ्या दिवशी ओब्राद घरी पोहोचला. तो दिवस नेमका स्लावाचा, म्हणजे त्याच्या कुळाच्या संताचा. जादूगाराने दिवस बघूनच गहू दिला होता. तिथली रीत अशी, की स्लावाला कुणाला बोलावणं धाडत नाहीत आणि आलेल्याला परत पाठवत नाहीत. शिजवलेला गहू पाहुण्यापुढे ठेवतात, आणि यजमान स्वतः उभा राहून वाढतो. येलित्सा, ओब्रादची बायको, दार लावून घेऊ म्हणाली. त्याने लावलं नाही.

दुपारी फाटक्या घोंगडीतला एक म्हातारा उंबऱ्यात येऊन कोसळला. येलित्साने त्याला ओळखलं. तो राजा ग्रादिमीर होता, सोन्याच्या राशी घरात ठेवून उपाशी.

"ह्याच्यापायी सगळे उपाशी आहेत," ती म्हणाली. "ह्याला हा गहू खायला घातलात, तर सगळ्यांचंच जाईल."

ओब्राद म्हणाला, "ठाऊक आहे. पण पेरलेलं पिकेपर्यंत हा जगायचा नाही. आज तो आपला पाहुणा आहे."

येलित्साने म्हाताऱ्याला आत घेतलं. मग तिनेच चूल पेटवली.

गहू शिजला. ओब्राद टोपी काढून उभा राहिला आणि वाढू लागला. राजाने तीन घास खाल्ले, चौथा हातातच राहिला. दाराशी सगळं गाव येऊन उभं होतं, नुसतं बघत. राजाने वाडगा पुढे सरकवला.

"मला पुरे. उरलेलं ह्यांना दे. तुझे उपकार झाले, ओब्राद."

जन्मात ह्यांतलं एकही वाक्य त्या तोंडातून निघालं नव्हतं. जादूगाराची विद्या राजाच्या हावेवर उभी होती. हाव गेली, विद्या गेली, आणि काळ्या डोंगरावर जादूगाराचा धूर झाला. कोठारांतले सोन्याचे दाणे पुन्हा गव्हाचे झाले. त्या दिवशी गावात कुणी जेवलं नाही असं झालं नाही.

ओब्राद राजाच्या आधी गेला. लोक त्याला संत म्हणू लागले. त्याच्या दिवशी राजा वाड्याची दारं उघडी टाकी आणि येईल त्याला स्वतः वाढी. गुडघे दुखत. लोक म्हणत, महाराज, आता बसा.

"मी उंबऱ्यात पडलो होतो, तेव्हा तो बसला नव्हता," राजा म्हणे, आणि पुढच्याला वाढी.

जसं त्यांच्या वाडग्यात पडलं, तसं तुमच्याआमच्या वाडग्यात पडो.