बुटातला हरभरा

एकदा एक मुलगी अशी विद्या शिकायला निघाली, जिचं नाव तिच्या घरात कुणालाच धड सांगता येत नव्हतं. मुलीचं नाव शैला. तिला नर्स व्हायचंय एवढं घरच्यांना कळलं होतं. पण पदवीसाठी तिने निवडली ती शुश्रूषा होती ज्यांची समज वयाच्या मागे राहते, ज्यांना आपलं सुखदुःख शब्दांत सांगता येत नाही, अशा माणसांची.

तिचे काका म्हणाले, "अगं, नर्सच व्हायचं तर मोठ्या दवाखान्यात हो. तिथे माणूस बरा होतो, घरी जाताना पेढे देतो. ही माणसं काय बरी व्हायचीत?"

"ती आजारी नाहीतच, तर बरी कशाची होणार?" शैला म्हणाली. "पण आजारी पडली तर ओळखणारं कुणी हवं ना, काका. ते मी होणार."

"बघ बाई, तुझा हट्ट," म्हणत काकांनी तिची पेटी एसटीवर चढवून दिली.

विद्यालयाला लागूनच एक आश्रम होता. तिथे अशी लहानथोर माणसं राहत, आणि विद्यार्थिनी पुस्तकातलं शिकून दुपारी तिथे सेवेला जात. शिकवायला होत्या थोरल्या बाई. उभं आयुष्य याच कामात गेलेलं, गुडघे पार थकलेले; बोलणं मोजकं, पण नजर अशी की तिच्यापुढे खोटं बोलवत नसे.

शैला शेवटच्या वर्षाला आली, तेव्हा तिच्याकडे सगुणा सोपवलेली होती. सगुणा तरणीताठी मुलगी, बोलत नसे. हसरी, घड्या घालायची भारी हौस. साऱ्या आश्रमाचे टॉवेल तिच्या हातून जायचे. पण अलीकडे तिचं काहीतरी बिनसलं. जेवायला बसली की ताट भिरकावी, स्वतःच्या गालावर थपडा मारी. कुणी जवळ गेलं तर चावायला येई. डॉक्टर आले, त्यांना तिने तोंडाला हात लावू दिला नाही. "या अवस्थेत असं व्हायचंच," म्हणून ते गेले. आता व्यवस्थापकांनी ठरवलं होतं, की सोमवारी गाडी बोलवायची आणि तिला दूरच्या मनोरुग्णालयात पाठवायचं. "तिथे झोपेचं औषध देतील. होईल शांत," ते म्हणाले.

शनिवारी सकाळी शैला थोरल्या बाईंपुढे उभी राहिली. कोपरावर सगुणेच्या दातांचे वण होते.

"बाई, तिला पाठवू नका. मी तिला शिस्त लावते."

"शिस्त कशाची?"

"ताट न फेकण्याची. अशा व्यक्तींमध्ये हट्टी वर्तन आढळतं, पुस्तकात दिलंय. त्यावर उपायही दिलेत."

बाई मग उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, आणि डब्यातला एक कोरडा हरभरा घेऊन आल्या.

"उजव्या पायातला बूट काढ."

शैलाने काढला. बाईंनी हरभरा आत टाकला. "घाल आता. दुपारची जेवणं उरकेपर्यंत तो काढायचा नाही. तोवर तोंडाने बोलायचं नाही, लिहायचं नाही, खूण करायची नाही. बाकी रोजचं काम कर."

"पण बाई, सोमवारी गाडी..."

"बोललीस," बाई म्हणाल्या. "आता पुरे."

शैलाला काही उमगेना. परंतु गुरूची आज्ञा. ती कामाला लागली. सुरुवातीला हसू आलं. मग हरभरा टाचेखाली सरकला आणि हसू गेलं. पाणी भरताना, अंथरुणं काढताना, कुणाला हाताला धरून चालवताना प्रत्येक पावलाला तो टोचे. जेवणाच्या वेळेपर्यंत तिच्या कपाळावर आठ्या चढल्या होत्या. आमटी वाढताना हात हिसडला गेला, आमटी सांडली.

"आज हिचं काय बिघडलंय?" स्वयंपाकीण ठकूमावशी म्हणाल्या. "सकाळपासून तोंड फुगवून फिरतेय."

सोबतची विद्यार्थिनी कुसुम म्हणाली, "तिचा स्वभावच तसा आहे हो, मावशी. परीक्षा आली की अशीच करते."

"परीक्षेचं नाही काही. घरून लग्नाचा निरोप आला असेल. मुलगा टकला निघाला असेल."

दोघी हसल्या. शैलाने पातेलं दाणकन खाली ठेवलं.

"ही बघा आदळआपट," ठकूमावशी म्हणाल्या. "हिला नेऊन निजवा गं कुणीतरी. डोळा लागला की होईल शांत."

शैला जागच्या जागी थबकली. हे शेवटचे शब्द तिने आधी ऐकले होते, कुणाबद्दल तेही तिला आठवलं. पंगतीत सगळ्यांच्या देखत ती लंगडत वाढत होती. एकानेही तिच्या पायाकडे पाहिलं नव्हतं.

जेवणं उरकली तशी ती बाईंकडे आली आणि तिने बूट काढून उलटा केला. हरभरा टपकन जमिनीवर पडला.

बाईंनी पंगतीतलं सगळं ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "आज तू तापट ठरलीस, हट्टी ठरलीस. तुझा स्वभावही लोकांनी ठरवून टाकला. तू बदलली नव्हतीस, शैला. तुला दुखत होतं आणि ते सांगायची वाट बंद होती. ज्याची वाट जन्मभर बंद असते, त्याचं दुखणं दुसऱ्या कुठल्यातरी वाटेने बाहेर येतं. ताट होऊन येतं, थप्पड होऊन येतं, दातांचा वण होऊन येतो. आपण त्या वाटेवर शिस्तीची भिंत बांधायला निघतो. ही पदवी घ्यायची ती भिंत बांधण्यासाठी नव्हे. हरभरा कुठे आहे, ते शोधण्यासाठी."

"मग सगुणेचा हरभरा कुठे आहे, बाई?"

"मला ठाऊक असतं, तर तुझ्या बुटात हरभरा टाकत बसले असते का? मी उठून तिच्याकडेच गेले असते. माझ्याही डोळ्यांवर पडदा पडला होता. तू शोध."

त्या संध्याकाळी जेवणाच्या वेळी शैला सगुणेसमोर भुईवर बसली. शिकवायचं काही नाही, फक्त बघायचं. आजवर ती म्हणत आली होती, ताट पाहताच सगुणा ते फेकते. तसं नव्हतं. सगुणेने हौसेने भाकरी मोडली, घास तोंडात घातला, चावला, आणि मग ताट गेलं. थप्पड पडली ती उजव्या गालावर. दरवेळी उजव्याच.

शैलाने टॉर्च आणली. सगुणेने तोंड घट्ट मिटून मान फिरवली. शैलाने टॉर्च तिच्याच हातात दिली, स्वतः मोठा आ केला आणि वाट बघत बसली. बराच वेळ गेला. मग सगुणा पुढे सरकली. तिने शैलाच्या तोंडात उजेड पाडला, वाकून आत बघितलं, वरचे दात बघितले, खालचे बघितले, एक बोट लावून पाहिलं आणि खुदकन हसली. मग टॉर्च परत दिली आणि आ केला.

उजवीकडची मागची दाढ किडून पोखरली होती. हिरडी सुजून लाल झाली होती.

शैला तशीच व्यवस्थापकांकडे गेली. "सोमवारची गाडी येऊ दे. पण ती दातांच्या डॉक्टरांकडे जाईल. मी सोबत बसेन."

"डॉक्टरांनी तिला तपासलंय, बाळ."

"त्यांना तिने तोंड दाखवलं नव्हतं. मला दाखवलंय."

"आणि दाढ काढूनही तिने ताट फेकलं तर?"

"तर मी पुन्हा शोधीन. पण कारण सापडल्यावाचून तिला इथून हलवू देणार नाही."

व्यवस्थापकांनी थोरल्या बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघता? ती नर्स आहे. तिचं ऐका."

सोमवारी गाडी आली, गेली आणि दाढ काढलेल्या सगुणेला घेऊन परतही आली. जखम भरेपर्यंत तिने पेज खाल्ली. मग एके दुपारी तिने भाकरी मोडली, चावली, पुन्हा चावली, आणि शेजारच्या ताटातलीही उचलली.

"शांत झाली की हो," व्यवस्थापक म्हणाले.

"ती शांतच होती," शैला म्हणाली. "दुखायचं थांबलं."

तेव्हापासून रोज सकाळी सगुणा टॉवेलांच्या घड्या बाजूला ठेवून टॉर्च घेऊन येई. आधी शैलाने आ करायचा, मग तिने. थोरल्या बाई दारातून बघत आणि पुढे जात.

आपल्याही घरात कुणी उगाच चिडतंय असं वाटलं, तर 'स्वभावच तसा' हे शब्द ओठांवर येण्याआधी एकदा त्याच्या पायाकडे बघावं.