कोरी करंगळी

फार फार वर्षांपूर्वी, बऱ्याचशा डोंगरांचं बारसंसुद्धा व्हायचं होतं, तेव्हाची ही गोष्ट. खोटी वाटली तर निम्मीच खरी माना. निम्मीसुद्धा पुरेल.

एका राज्यात एकच झरा होता. डोंगराच्या पोटात, गुहेत. राज्यातली प्रत्येक विहीर आणि प्रत्येक ओढा तिथूनच भरायचा. आत जाऊन आलेली माणसं कुजबुजत सांगत, "पाणी श्वास घेतं हो तिथलं! आपण थांबलो की तेही थांबतं."

त्या झऱ्यात कुणी विष कालवलं असतं, तर सारं राज्य संपलं असतं. म्हणून गुहेच्या तोंडाशी एक प्रचंड शिळा होती आणि तीन राखणदार होते. हत्ती चेहरा ओळखायचा. मैनेला गोड बोलण्यातलं खोटं ऐकू यायचं. आणि मुंगी अंगावरून फिरून वास घ्यायची, कपड्यात लपवलेलं शोधायची.

आत जाणाऱ्याच्या तळहातावर तिघांनी आपापली खूण करायची, अशी रीत. हत्ती चिखल लावी. मैना तो पुसून जांभळाचा रस लावी. मुंगी रस चाटूनपुसून तिथेच चावा घेई. मग शिळा सरकवायला पुन्हा हत्तीपुढे जावं, तर तो म्हणे, "माझा चिखल कुठाय?"

गाळ काढायला आलेला एक पाथरवट असा चार दिवस गोल गोल फिरला. शेवटी वैतागून म्हणाला, "गजराज, अहो मघाशीच लावलात की! माझा चेहरा विसरलात?"

"चेहरा चांगला लक्षात आहे. पण खूण नाही तर शिळा नाही. चल, रांगेत उभा राहा."

पाथरवटाचा तळहात सुजला तेवढा. गाळ होता तिथेच राहिला.

मग प्रधानाने तोड काढली. "तिघांपैकी कुणाही एकाची खूण चालेल!"

झालं. एक रंगारी आला तो थेट मैनेपुढे. म्हणाला, "बाई, जरा कापड भिजवायचंय." मैनेने कान देऊन ऐकलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. तिने खूण दिली, आणि त्या पठ्ठ्याने आत जाऊन निळीत बुडवलेली कापडाची दहा ठाणं झऱ्यात पिळली. पंधरा दिवस राज्यातल्या म्हशी निळं दूध देत होत्या. माझ्या पणजोबांनी त्याचं दही खाल्लंय.

लोक हसले. राजा हसला नाही. "आज नीळ होती," तो म्हणाला, "उद्या विष असेल."

तेव्हा एक म्हातारी कुंभारीण पुढे आली. "महाराज, देवानं हाताला पाच बोटं दिलीत आणि हे तिघं एका तळहातावर भांडतायत! अंगठा हत्तीला द्या, तर्जनी मैनेला, करंगळी मुंगीला. ज्यानं त्यानं आपलं बोट बघावं, दुसऱ्याचं पुसू नये. तिन्ही बोटांवर खूण असेल तरच शिळा हलवा. एक जरी कोरं राहिलं, तर नाही म्हणजे नाही."

"आणि मी आलो तर?"

"तुम्हाला काय सहावं बोट आहे?"

राजाला हसू आवरेना. त्याने त्याच दिवशी दवंडी पिटवली.

पुढे झऱ्याच्या पूजेचा दिवस आला. राजाने नवा शेला झऱ्यात बुडवून पाण्याला मान द्यायचा, असा त्या दिवशीचा विधी. ढोल वाजत होते. सारी प्रजा डोंगरावर लोटली होती. हत्तीने अंगठ्याला चिखल लावला. मैनेने तर्जनीला रस लावला. मुंगी दोन बहिणींना घेऊन शेल्यावर चढली, फिरली आणि एकटीच खाली उतरली.

राजाने करंगळी पुढे केली. "चाव की गं."

"नाही."

ढोल थांबले. प्रधान कडाडला, "एवढीशी तू! दोघं हो म्हणतायत, दिसत नाही?"

मुंगी म्हणाली, "चेहरा महाराजांचाच आहे. आवाजही खरा आहे. पण शेल्याच्या पदराला कडू वास येतोय. माझ्यासोबत वर चढलेल्या दोन बहिणी खाली आल्या नाहीत."

शेला शेजारच्या राजाने सकाळीच धाडला होता, मैत्रीची भेट म्हणून. भर प्रजेत झालेल्या अपमानाने राजाचा चेहरा लाल झाला. त्याने लहानपणापासूनच्या आपल्या हत्तीकडे पाहिलं. "सरकव शिळा."

हत्तीने सोंड खाली केली. "महाराज, माझं 'हो' आहेच. पण माझं 'हो' तिच्या 'नाही'वर चढत नाही."

मग राजाने शेला उतरवला आणि मासे असलेली एक घागर मागवून त्याचा पदर त्या पाण्यात बुडवला.

एकामागून एक मासे उलटे होऊन वर आले.

आणखी दहा पावलं, आणि पूजेच्या मंत्रांसकट राजाने स्वतःच्या हाताने आपलं राज्य मारलं असतं!

मग त्या राज्यात कधी घडलं नव्हतं ते घडलं. मुंगीपुढे वाकायचं तरी कसं? राजा पालथा झोपला, हनुवटी धुळीत टेकवली आणि डोळे मिटले. त्याच्यामागे प्रधान आणि सारी प्रजा लवली. गवत वाऱ्याने लवतं, तसा अख्खा डोंगर लवला.

राजा नाहून ओलेत्याने परत आला. हत्तीने आणि मैनेने धुऊन गेलेल्या खुणा पुन्हा केल्या. मुंगी त्याच्या अंगावरून पुन्हा फिरली आणि करंगळीला कडकडून चावली. हत्तीने शिळा सरकवली.

तात्पर्य : राखणदार अनेक असावेत, प्रत्येकाला आपली जागा असावी, आणि सर्वांत लहानाच्या 'नाही'पुढे सर्वांत मोठ्याने थांबावं.