सोनकी आणि पाच मण्यांची माळ

सोनकीला आई नव्हती, बाप नव्हता आणि फ्रॉक एकच होता. त्या फ्रॉकला तीन ठिगळं होती. एक लाल, एक हिरवं, एक पिवळं. बाकीच्या पोरी हसायच्या. सोनकी म्हणायची, "हसा खुशाल! तुमच्या फ्रॉकला एकच रंग, माझ्या फ्रॉकला चार!"

अशी ती आठ वर्षांची पिटुकली पोर भिमामावशीबरोबर राहायची. टेकडीच्या कुशीत देसाईणबाईंची फुलांची बाग होती. पांढरा शुभ्र मोगरा, केशरी अबोली, जांभळी कोरांटी, पिवळीधमक शेवंती. त्या रंगीबेरंगी बागेच्या कडेला यांचं खोपटं. पाऊस आला की गळायचं, ऊन आलं की तापायचं. पण होतं ते एवढंच.

भिमामावशी माळा करायची. अशी तशी नाही हं. दरवर्षी जत्रेला देवीच्या गळ्यापासून पायापर्यंत रुळणारी मोगऱ्याची माळ तिच्याच हातची. या माळेचा कायदा कडक होता. दोरा एकच. मध्ये गाठ नाही, मध्ये तोड नाही. दोरा मध्येच तोडला की अपशकुन. आणि माळेवर डाग नको, एवढासासुद्धा नको. जी बाई ही माळ करील, तिला वर्षभर बागेतलं खोपटं राहायला.

पण मावशीचं वय झालं. आयुष्यभर पाण्यात हात, उन्हात हात, ओल्या दोऱ्यात हात. हातांची कातडी सुकली, पातळ झाली, बोटांना भेगा पडल्या. दोरा भेगेत शिरला की रक्त यायचं, आणि पांढऱ्या कळीवर लाल ठिपका उमटायचा.

देसाईणबाईंनी तो ठिपका पाहिला. बाई बोलायला फटकळ. डोक्यावरचा पदर घट्ट धरून म्हणाल्या, "भिमा, जत्रेला तीन महिने आहेत. तोवर हात बरे झाले तर ठीक. नाहीतर खोपटं रिकामं कर. नवी माळकरीण आणते मी."

"आणि आम्ही कुठं जायचं?" मावशीने विचारलं.

"ते मला काय विचारतेस?" असं म्हणून बाई चालत्या झाल्या.

मावशीने तेलाची वाटी ओढली. भेगांना तेल लावलं आणि पुन्हा माळ करायला बसली. सोनकीने मात्र टोपली उचलली आणि रडायला बागेत गेली. मावशीसमोर रडायचं नाही, हे तिचं ठरलेलं होतं.

कोवळं ऊन पडलं होतं. दवाचे थेंब पानापानावर हिऱ्यासारखे लुकलुकत होते. तेवढ्यात कोरांटीच्या झुडपातून आवाज आला.

"आई गं! अगं कोणी आहे का? मेलं हे काटेरी झाड!"

सोनकीने वाकून पाहिलं. आत बोटाएवढी परी! मोरपंखी पंख, गुलाबी झगा, आणि लांबसडक चंदेरी केस. केस सगळे काट्यांत अडकलेले.

"थांब, मी विळी आणते," सोनकी म्हणाली. "कचाकच केस कापू, की सुटशील."

"खबरदार!" परी किंचाळली. "नऊशे वर्षं जपलेत ते!"

मग काय, सोनकी मांडी घालून बसली. एकेक केस, एकेक काटा. बोटांना काटे टोचले, ऊन डोक्यावर आलं, पण तिने एकही केस तुटू दिला नाही. शेवटचा केस सुटला तशी परी भुर्रकन उडाली, तीन गिरक्या घेतल्या आणि सोनकीच्या गुडघ्यावर येऊन बसली. चांदणं सांडावं तसा तिचा उजेड पडला.

सोनकी तिच्याकडे टकमक बघत राहिली. "तू म्हातारी आहेस?"

"आहे की! नऊशे वर्षांची. काही हरकत?"

"पण तुझे गाल तर पिकल्या पेरूसारखे तुकतुकीत आहेत. डोळ्यांपाशी सुरकुत्या आहेत खऱ्या."

"त्या हसून हसून पडल्यात. त्या मी कोणाला देणार नाही," परी म्हणाली. "बरं, एक इच्छा माग. एकच हं. मी काही दुकान उघडलेलं नाही."

सोनकीने डोळे पुसले. "माझ्या मावशीचे हात बरे होऊ देत."

परीने टाळी वाजवली. हवेतून एक डबी उतरली, चिंचोक्याएवढी. झाकण उघडलं, तर आत रंगीत मण्यांचा नुसता झगमगाट! मोहरीहून बारीक मणी. निळे, पोपटी, सोनेरी, डाळिंबी. शेजारी कोळ्याच्या जाळ्याचा रेशमी दोरा.

"आता नीट ऐक," परी म्हणाली. "कातडी म्हणजे एक कापड असतं. आत इवले इवले विणकर बसलेले असतात. ते कोलॅजन नावाचा धागा विणतात, म्हणून कातडी घट्ट राहते. तरुणपणी ते गाणी म्हणत विणतात. वय झालं, ऊन लागलं, की बसतात डुलक्या काढत. मग कापड विरतं. केसांच्या मुळाशीही असेच चिमुकले कामकरी असतात, तेही पेंगतात."

"मग त्यांना उठवायचं कसं?"

"निरोप पाठवून. हे मणी ओवून छोटीशी माळ केली ना, की तीच निरोप्या होते. ती कातडीच्या दारातून आत शिरते आणि विणकरांच्या कानात म्हणते, उठा रे, कामाला लागा! शिकलेली माणसं तिला पेप्टाइड म्हणतात."

"पेप्-टा-इड," सोनकी म्हणाली. "टिकलीएवढ्या माळेला केवढं नाव!"

"नाव राहू दे. नियम ऐक. माळ पाच मण्यांची, जास्त नाही. रोज सकाळी हात धुऊन एक माळ हातावर ठेवायची. घाई करायची नाही, विणायला वेळ लागतो. उन्हात पदर घ्यायचा. डाळ, अंडं, मासळी, जे मिळेल ते खायचं, कारण विणकरांना विणायला सूत तिथूनच मिळतं. आणि वय मागे ने असं कधीच म्हणायचं नाही. वय मागे जात नसतं. म्हातारं व्हायचंच, पण ठणठणीत व्हायचं. जत्रेपर्यंत पुरतील आणि वर उरतील एवढे मणी आहेत. जपून वापर."

एवढं बोलून परी कोरांटीत दिसेनाशी झाली.

सोनकी धावत घरी आली. अंगणात बसून मणी ओवायला लागली. एक, दोन, तीन, चार, पाच. आता दोरा तोडायचा. पण माळकरणीच्या घरची पोर! हात थांबेना. मध्येच दोरा तोडायचा नसतो, हे ती चालायला लागायच्या आधी शिकली होती. शिवाय तिला वाटलं, पाच मणी म्हणजे किती कंजूषपणा! मावशी देवीला पायापर्यंत माळ घालते आणि मी मावशीला पाच मणी देऊ? छे! तिने ओवलं, ओवलं, अर्धी डबी ओवली. मनगटाला सात वेढे बसतील एवढी झगमगती माळ केली.

"मावशी, हात दे!"

माळ हातावर ठेवली. चमकली. इकडे घरंगळली, तिकडे घरंगळली. दारं शोधत फिरली, पण आत काही जाईना. शेवटी दव उडून जावं तशी उडून गेली. मावशीच्या भेगा होत्या तशाच.

सोनकीचा चेहरा पडला. ती पळतच कोरांटीपाशी गेली आणि सगळं खरं खरं सांगितलं.

"अगं वेडे!" परीने कपाळाला हात लावला. "दार मुंगीचं, आणि तू हत्ती घेऊन गेलीस! लांब माळ आत शिरत नाही. छोटी असते म्हणून तर ती शिरते."

"मला वाटलं, मोठी माळ म्हणजे मोठी माया."

परीचा आवाज मऊ झाला. "माया मोठीच आहे गं. पण माळ छोटी कर. आता उरलेत ते मणी जत्रेपर्यंत जेमतेम पुरतील. नवे मागू नकोस, मिळायचे नाहीत."

दुसऱ्या दिवसापासून सोनकीने मन घट्ट केलं. पाच मणी, आणि टच्! दोरा तोडला. मावशीच्या अंगावर काटा आला. "अगं, दोरा तोडतेस? अपशकुन होईल!"

"देवीच्या माळेचा कायदा वेगळा, विणकरांचा वेगळा. तू गप हात दे," सोनकीने दटावलं.

इवलीशी माळ हातावर ठेवली, तशी ती लुकलुकली आणि सुर्रकन आत गेली. मावशी म्हणाली, "अगंबाई, गुदगुल्या झाल्या!"

पहिले आठ दिवस काहीच झालं नाही. मावशी कुरकुरली, "तुझे ते विणकर मेले झोपूनच आहेत वाटतं." सोनकीने तिच्या पानात डाळ वाढली, डोक्यावर पदर ओढला आणि पुढची माळ ठेवली. महिना झाला. कातडी थोडी मऊ झाली. दीड महिना झाला. करंगळीची भेग मिटली, मग अंगठ्याची. मावशी पुन्हा गुणगुणत फुलं ओवायला लागली.

हे देसाईणबाईंनी कुंपणावरून पाहिलं. तरातरा आल्या आणि डबीच हिसकावली.

"मला वीस वर्षांची कर! आत्ताच्या आत्ता!"

त्याबरोबर मणी भराभर काळे पडायला लागले. सोनकी ओरडली, "बाई, तसं म्हणू नका! वय मागे जात नाही! पांढरा केस काळा होत नाही, आणि सुरकुतीसुद्धा सगळी पुसली जात नाही!"

"मग होतं तरी काय?"

"जे आहे ते घट्ट होतं, ठणठणीत होतं. तेही हळूहळू."

बाईंनी डबी सोनकीच्या हातात परत ठेवली. मणी पुन्हा रंगांनी उजळले. आणि मग बाईंनी जे कधी कोणासमोर केलं नव्हतं ते केलं. डोक्यावरचा पदर खाली घेतला. केस इतके विरळ, इतके विरळ, की भांग बैलगाडीच्या वाटेएवढा रुंद!

"झुबकेच्या झुबके येतात हातात," बाई म्हणाल्या. फटकळ आवाज पार बसला होता. "पदर धरून धरून मान आखडली माझी. मोकळ्या डोक्याने बाहेर पडून दोन वर्षं झाली, पोरी."

सोनकीने डबीत पाहिलं. मणी जत्रेपर्यंत जेमतेम.

"बाई, बसा. रोज एक माळ तुमच्या डोक्यावर ठेवते."

"अगं!" मावशी उसळली. "हिला? आपल्याला हाकलायला निघालीय तिला? मग माझ्या हातांना पुरतील का मणी?"

"नाही पुरणार," सोनकी हळूच म्हणाली. "पण मावशी, बाईंचं पण दुखतंय गं."

मावशीने पोरीकडे पाहिलं आणि तोंड वळवून म्हणाली, "कर बाई तुझ्या मनासारखं."

देसाईणबाई खाली मान घालून म्हणाल्या, "आधीच सांगते हं. डागाची माळ देवीला चालत नाही. तो कायदा मलाही मोडता येणार नाही."

"ठाऊक आहे," सोनकी म्हणाली, आणि पाच मणी ओवायला घेतले.

दिवस जात राहिले. बाईंच्या भांगाच्या कडेला चंदेरी केसांची लव दिसायला लागली. गवत उगवावं तशी. मावशीची एक भेग तेवढी राहिली, उजव्या तर्जनीवरची, जिच्यावरून दोरा फिरतो तीच. आणि जत्रा बारा दिवसांवर असताना डबी रिकामी झाली.

सोनकी रिकामी डबी घेऊन कोरांटीपाशी आली. "परीताई, मी नवे मणी मागायला नाही आले. डबी परत द्यायला आले."

"रिकामी म्हणतेस? नीट बघ."

सोनकीने झाकण उघडलं आणि डोळे दिपले! निळे, पोपटी, सोनेरी, डाळिंबी, डबी काठोकाठ भरून सांडत होती.

"जो मणी दुसऱ्याला दिला, तो मी संपलेला धरत नाही," परी गालात हसत म्हणाली. "हा नियम मी मुद्दामच सांगितला नव्हता. सांगितला असता, तर कोणीही दिला असता."

जत्रेचा दिवस उजाडला. ढोल वाजले, पिवळे झेंडे फडफडले. सगळ्या गावासमोर भिमामावशी मोगऱ्याची रास घेऊन बसली. बोटं अशी चालली जशी पाण्यात मासळी! कळीला कळी, कळीला कळी. सोनकीचा जीव मुठीत. दोरा तर्जनीवरून शंभरदा फिरला, दोनशेदा फिरला. माळ देवीच्या पायाला टेकली. पुजाऱ्याने टोकापासून टोकापर्यंत न्याहाळली. शुभ्र! एक ठिपका नाही.

गर्दीतून देसाईणबाई पुढे आल्या. डोक्यावर पदर नाही. चंदेरी केसांचा लिंबाएवढा अंबाडा, त्याला अबोलीची वेणी. मान ताठ. लोक कुजबुजले, "बाई पांढऱ्या झाल्या की!" बाई म्हणाल्या, "झाले. मग? वय झालंय माझं. तुमचं होणार नाही का?"

मग त्या सगळ्यांसमोर मावशीला म्हणाल्या, "भिमा, खोपटं आता तुझं. वर्षाचं नाही, कायमचं. उद्या कौलं बदलायला माणसं पाठवते. आणि ही पोर उद्यापासून शाळेत जाईल, नव्या फ्रॉकात."

"जुना टाकायचा नाही पण," सोनकी म्हणाली, आणि सगळे हसले.

जत्रा पांगली. मावशी आणि सोनकी बागेतून घराकडे निघाल्या. वाटेत मावशी थांबली. इतकी वर्षं ती पोरीचे गाल हाताच्या पाठीनेच पुसायची. बोटांच्या भेगा पोरीला टोचतील म्हणून. आज तिने अख्खा तळहात सोनकीच्या गालावर ठेवला. सुरकुतलेला, उबदार, मऊ मऊ.

तिकडे कोरांटीवर नऊशे वर्षांची परी हसली. तिच्या डोळ्यांपाशी आणखी एक सुरकुती पडली. मग सोनेरी, गुलाबी, निळा असा लखलखीत उजेड सगळ्या बागेवर पसरला, फुलाफुलावर चमचमला, आणि त्या उजेडात परी विरून गेली.

सोनकीने वळून पाहिलंच नाही. मावशीचा हात गालावर होता.