म्हाळाक्काचा पेवातला दिवा

फार वर्षांपूर्वी नदीकाठच्या मुरूमवाडीत म्हाळाक्का नावाची बाई राहत होती. तिच्या काळचे पाटील, कुलकर्णी, सावकार सगळे विस्मरणात गेले. म्हाळाक्का राहिली. का राहिली, तेच सांगतो.

मुरूमवाडीची जमीन घट्ट आणि कोरडी. तिथं लोक धान्य जमिनीखाली पेवात ठेवत. पेव म्हणजे रांजणासारखा खोल खड्डा. तोंड एक माणूस कसाबसा उतरेल एवढं, पोट मात्र घरातल्या खोलीएवढं. धान्य भरलं की तोंडावर फरशी बसवायची आणि वरून शेणमातीनं लिंपायचं. दोन दोन वर्षं दाण्याला कीड लागत नसे. ही पेवं खणणं हे म्हाळाक्काच्या घरचं काम. असं म्हणतात, ती मूठभर माती नाकाशी धरायची आणि सांगायची, इथं बारा हातांवर ओल लागेल, इथं खणू नका. तिचं सांगणं कधी चुकलं नाही.

तिचा नवरा सुभाना पेवातच गेला. एक नुकतंच उघडलेलं पेव, तो हातात दिवा घेऊन उतरला आणि उठला नाही. गाव म्हणालं, पेवातल्या खविसानं ओढला. म्हाळाक्का तेव्हा बावीस वर्षांची होती. तिनंही तेच मानलं. दुसरं मानायला होतंच काय? पण त्या वेळी ती पेवाच्या तोंडाशी वाकून बसली होती आणि एक गोष्ट तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. आधी सुभानाच्या हातातला दिवा विझला. मग सुभाना पडला.

ही गोष्ट तिला सोडेना. खविसाला माणूस हवा होता, तर त्यानं आधी दिवा कशाला विझवला? त्या दिवसापासून ती कुठलंही पेव उघडलं की दोरीला पणती बांधून आधी खाली सोडायची. कुठं पणती जळत राहायची, कुठं पटकन विझायची. विझली तिथं ती कुणाला उतरू द्यायची नाही. तीस वर्षं तिनं हेच केलं. तीस वर्षांत तिच्या देखरेखीखाली एकही माणूस दगावला नाही. लोक हसायचे. म्हणायचे, अक्काला पणतीचा नाद लागलाय.

मग ते वर्ष आलं. पावसानं दुसऱ्यांदा पाठ फिरवली. घराघरांतली पेवं रिकामी झाली. उरलं फक्त देवळामागचं गावपेव. त्यात सगळ्या गावानं मिळून भरलेली ज्वारी होती. ती काढायचं ठरलं, त्या दिवशी म्हाळाक्का पलीकडच्या गावी कामाला गेली होती. थांबायला कुणाला धीर नव्हता. फरशी काढली. रानू नावाचा धट्टाकट्टा गडी उतरला, तो वर आलाच नाही. त्याला काढायला त्याचा भाऊ उतरला, तोही नाही.

गाव हबकलं. नागू देवऋषी आला. अंगारे-धुपारे करणारा, सगळ्यांचं ऐकून घेणारा म्हातारा. त्यानं विचारलं, "हे पेव शेवटी लिंपलं कुणी?"

लिंपलं होतं सगुणानं. सगुणा तरणी विधवा, एकटी राहायची, मजुरीवर लिंपण करायची. झालं. कुणी म्हणालं, ती लिंपताना काहीतरी पुटपुटत होती. कुणी म्हणालं, तिच्या हातात लिंबू होतं. संध्याकाळपर्यंत तिच्या हातात काय काय होतं, त्याला सुमार राहिला नाही. पाटलांनी निवाडा दिला की उद्या दुपारच्या आत हिला नदीपार घालवायचं, पुन्हा गावात पाऊल टाकू द्यायचं नाही. दुष्काळात एकट्या बाईला नदीपार घालवायचं म्हणजे काय, ते सगळ्यांना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाळाक्का परतली. चावडीपुढं गाव जमलेलं. सगुणा खाली मान घालून उभी.

म्हाळाक्कानं झालेलं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हिनंच मारलं, हे कशावरून?"

"समद्या गावाला ठाव हाय," पाटील म्हणाले.

"ठाव हाय का वाटतंय? पाटील, दोन्हींत लई अंतर हाय. वाटतंय म्हणून माणूस हाकलता व्हय?"

तिनं पणती मागवली. गावपेवाच्या तोंडातून ती हळूहळू खाली सोडली. तीन हातांवर ज्योत बारीक झाली, चार हातांवर विझली. लोक मागं सरकले.

नागू देवऋषी म्हणाला, "अक्का, बघितलंस? सगुणेनं आत घातलेल्या भुतानं फुंकर मारली."

दुसरं कुणी असतं तर चिडलं असतं. म्हाळाक्कानं थोडा विचार केला. "आसंल," ती म्हणाली. "मी भूत बघितलेलं न्हाई, म्हणून न्हाईच, आसं मी म्हणत न्हाई. पर हे भूत सगुणेचं आसंल, तर तिचा हात लागला न्हाई त्या पेवात ते नसणार. बरोबर?"

"बरोबर," नागू म्हणाला.

"मग तसलं बंद पेव दावा."

सगळे एकमेकांकडं बघू लागले. भरलेलं पेव कुणाकडं उरलं असेल, ते कुणी कबूल कसं करणार? मग नागूच म्हणाला, "माझ्या घरामागच्या परड्यात हाय एक. पाच पायली बाजरी हाय तळाला. म्या सोता लिंपलंय, अंगारा टाकून, मंत्र म्हणून. सगुणा माझ्या दारात कधी आली न्हाई."

सगळं गाव नागूच्या परड्यात गेलं. लिंपण फोडलं, फरशी सरकवली. म्हाळाक्कानं दोरी नागूच्याच हातात दिली. नागूनं पणती सोडली. चार हातांवर ती विझली. त्यानं पुन्हा पेटवली, पुन्हा सोडली. पुन्हा विझली. तिसऱ्यांदा त्यानं ती पेटवली नाही, दोरी खाली ठेवली.

तो म्हातारा मोठा माणूस होता, हे इथं सांगायलाच हवं. खोटं बोलून तो सुटला असता. पण तो सगुणाकडं वळला आणि सगळ्यांसमक्ष म्हणाला, "पोरी, माझं चुकलं."

पाटलांनी विचारलं, "मग आत हाय तरी काय, अक्का?"

"ते मला ठाव न्हाई," म्हाळाक्का म्हणाली. "दिवा विझतो तितं माणूस विझतो, एवढं ठाव हाय. तीस वर्षं बघितलंय."

मग तिनं कडुलिंबाच्या डहाळ्यांचा मोठा भारा बांधायला लावला. तो दोरानं गावपेवात खाली सोडायचा, वर ओढायचा, पुन्हा सोडायचा. आतलं बाहेर येऊ दे, बाहेरचं आत जाऊ दे, ती म्हणत राहिली. माणसं बदलून बदलून दिवसभर भारा हलवत होती. सूर्य कलला तेव्हा तिनं पणती सोडली. ती तळापर्यंत गेली आणि शांत जळत राहिली.

"आता मी उतरते."

"अक्का, मेलीस तर?" पाटलांनी दोर धरला.

"तर माझी समजूत खोटी निघाली, आसं धरा. चूक माझी. सगुणेची तरीबी न्हाई."

कमरेला दोर बांधून ती उतरली. असं म्हणतात, तेव्हा वारा थांबला, झाडावरचे कावळे गप्प झाले. दोर सैल पडला. सगुणा पेवाच्या काठावर आडवी पडून खाली बघत होती. तिला खाली म्हाळाक्का दिसली, दोघा भावांच्या उशाशी बसलेली. ती त्यांची तोंडं पदरानं पुसत होती. मग खालून आवाज आला, "वढा. आधी पोरास्नी घ्या. ज्वारी मागनं."

असं म्हणतात, ती ज्वारी गावाला पुढच्या पावसापर्यंत पुरली. पेवात शेर उरला की सकाळी दोन शेर व्हायचे, असंही म्हणतात. तिथं मापायला कुणी बसलं नव्हतं, म्हणून मी त्यावर काही बोलत नाही. माणसं जगली, एवढं खरं. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही मुरूमवाडीत आहेत.

म्हाळाक्का पुढं खूप म्हातारी होऊन गेली. लोक म्हणतात, ती शेवटचं पेव खणता खणता पृथ्वीच्या पोटात गेली आणि तिची पणती अजून तिथं जळते. देवळामागं तिच्या नावाचा एक दगडही आहे.

मुरूमवाडीत आता पेवं थोडीच उरली आहेत. पण पेव असो, विहीर असो की टाकी असो, आधी दिवा उतरतो. दिवा तळाशी पोचून जळत राहिला, तरच माणूस उतरतो. तिथं खवीस होता की नव्हता, यावर गावात अजून वाद चालतो आणि दोन्हीकडची माणसं दिवा मात्र सारख्याच काळजीनं सोडतात. सुगी संपली की पेव बंद करतात. तेव्हा लिंपणाची पहिली मूठ गावातल्या विधवेच्या हातानं पडते. ती म्हाळाक्काचं नाव घेते, माती थापते, आणि मग गाव आपलं धान्य त्या विधवेच्या भरवशावर ठेवून घरी जातं.