अडचण नाही ना?

शपथेवर सांगतो मुलांनो, ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. मी स्वतः तिथे होतो. म्हणजे तिथे नव्हतो, शेजारच्या गावात होतो. पण ज्याने पाहिलं त्याच्या मेहुण्याची नि माझी चांगली घसट होती. असो.

तर एका जंगलात एक सांबर राहत असे. उन्हाळ्यात तिथे एकच पाणवठा उरे आणि बिबट्यालाही तो ठाऊक होता. म्हणून सांबराने 'पाणवठा राखण मंडळ' काढलं. सकाळी वानर, दुपारी खार, संध्याकाळी कोतवाल पक्षी अशा पाळ्या लावल्या. बिबट्या दिसला की ओरडायचं, एवढंच काम. सक्ती कोणावर नव्हती. सगळे आपणहून आलेले. सांबर रोज फेरी मारी आणि झाडाखालून जाता जाता विचारी, "काय खारुताई, काही अडचण नाही ना?"

"नाही," खार म्हणे. तोवर सांबर चार ढांगा पुढे गेलेलं असे.

अडचण होती. मंडळाने नेमून दिलेल्या फांदीसमोर घाणेरीचं झुडूप माजलं होतं आणि त्यामागचा ओहोळ खारीला दिसतच नव्हता. आपणच फांदी बदलावी, तर आपण मंडळात नवीन. "झेपत नाही तर पुढे कशाला आलीस?" असं वानर म्हणेल, हे तिला आधीच ऐकू येई. त्यात रोज भर दुपारी एक हरिणी पाडसाला घेऊन येई. "पी रे निर्धास्त, वर खारुमावशी आहे," असं ती म्हणे आणि खार मान उंचावून घाणेरीपलीकडे पाहायला धडपडे. वाळकं पान पडलं तरी शेपटी ताठ! एकदा धीर करून ती म्हणाली, "सांबरकाका, जरा ती घाणेरी..."

"वा! झाडाझुडपांवरही लक्ष! झकास चाललंय तुझं," म्हणत सांबर गेलंसुद्धा.

मग एका दुपारी कोतवाल पाळीच्या बराच आधी आला आणि मंडळात कोणी करत नसे ते त्याने केलं. तो खारीच्या शेजारी बसला. "तुला इथून काय दिसत नाही गं?" त्याने विचारलं आणि उत्तरासाठी थांबला.

खारीला आधी रडूच फुटलं. मग शेपटीने घाणेरी दाखवत ती म्हणाली, "तिच्यामागचं काहीच नाही."

कोतवाल उडाला, घाणेरीवर एक घिरटी घातली आणि असा कडाडला की पाणवठा दणाणला. ओहोळात बिबट्या पोट टेकून बसला होता, पाडसापासून दोन उड्यांवर! हरिणी आणि पाडस उधळली ती थेट टेकडीपलीकडे.

सांबर धापा टाकत आलं. "अगं, सांगायचं नाही का? मी रोज विचारत होतो!"

"तुम्ही 'अडचण नाही ना' असं विचारत होतात, काका," खार म्हणाली. "त्यात 'नाही' तुम्हीच घालून ठेवलं होतं. मी तेवढंच परत केलं."

सांबराने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी ते झाडाखाली चक्क बसलं. "आज काय अडलंय?" म्हणालं आणि उत्तर येईपर्यंत उठलं नाही. खारीला वरची फांदी मिळाली. नव्या राखणदाराशेजारी पहिला आठवडा जुन्याने बसायचं, असंही ठरलं.

आता शपथ घेतलीच आहे, तर कबूल करतो. बिबट्या खरा, घाणेरी खरी, खारीचं ते रोजचं 'नाही' खरं. सांबर झाडाखाली बसलं, तेही खरं. त्या दुपारी शेजारी येऊन बसलेला कोतवाल मात्र मी पदरचा घातला. त्या दुपारी खारीजवळ कोणीच आलं नव्हतं. हरिणी पाणवठ्यावर पुन्हा आली, ती एकटीच.

तात्पर्य : आपणहून मदतीला आलेल्याला जाता जाता 'अडचण नाही ना' असं विचारू नये, त्याच्या शेजारी बसून 'अडचण काय आहे' असं विचारावं आणि उत्तरासाठी थांबावं.