मंगळहत्तीचे पाय

पूर्वी गंगेच्या काठी चंपावती नगरात सेनजित राजा गादीवर असताना बोधिसत्त्व त्या राज्याचा मुख्य न्यायाधीश होता. त्याचे नाव वरुणमित्र. गुराख्यांची भांडणे सोडवता सोडवता तो गावचा पंच झाला, पंचाचा नगरातला न्यायाधीश झाला आणि केस पिकू लागले तेव्हा राज्याच्या सर्वांत उंच न्यायासनावर जाऊन बसला. त्याची बायको उत्पला हिला या चढतीचा फार अभिमान होता. नवऱ्याला मात्र त्याचे काहीच नव्हते. तो आपला न्यायासनावर बसे, दोन्ही बाजू ऐके, निवाडा देई आणि घरी येऊन गार झालेला भात जेवे.

आता चंपावतीची एक रीत होती. दर कार्तिकी पौर्णिमेला न्यायसभेच्या दारात दोन कोरे रांजण मांडत. न्यायाधीश राहावा असे वाटेल त्याने एका रांजणात फूल टाकायचे, जावा असे वाटेल त्याने दुसऱ्यात गोवरी. गोवऱ्या जास्त झाल्या की न्यायाधीशाने सरकारी घर सोडून, नेसत्या वस्त्रानिशी वेशीबाहेर पडायचे. रांजण दरवर्षी नवेच लागत, म्हणजे तळाशी गेल्या वर्षीचे काही राहिले असे म्हणायला कुणाला जागा नको.

ही रीत काढणाऱ्याने एका साध्या गोष्टीचा विचार केला नव्हता. प्रत्येक निवाड्यात एक जण हरतोच. जिंकणारा घरी जाऊन झोपतो आणि हरणारा गोवऱ्या थापायला बसतो. वरुणमित्राला न्यायासनावर बसून इतकी वर्षे झाली होती की निम्म्या नगराने त्याच्या नावाच्या गोवऱ्या वाळत घातल्या होत्या. उत्पला पौर्णिमेपर्यंतचे दिवस मोजत बसे, कारण घर गेले तर जायला एकच जागा होती: भावाचे घर. आणि त्या घरात भावजय होती.

त्या वर्षी पौर्णिमा जवळ आली असताना राजाचा मंगळहत्ती, म्हणजे पौर्णिमेच्या मिरवणुकीत पुढे चालणारा शुभ हत्ती, उधळला आणि पिंगळा कुंभारणीच्या अंगणात शिरला. पिंगळा म्हातारी, एकटी, आणि तोंडाने इतकी फाटकी की भिकारीसुद्धा तिचे दार चुकवून जात. हत्तीने तिची सगळी मडकी तुडवली. त्यातच पौर्णिमेसाठी तिने घडवलेले दोन्ही रांजणही गेले. लोक धावत आले आणि तिलाच म्हणाले, "नशीब काढलंस गं! मंगळहत्तीची सोंड तुझ्या घराला लागली!"

"तुमच्या घराला लागू दे की मग!" पिंगळा ओरडली आणि तडक न्यायसभेत गेली.

उत्पलेला ही बातमी विहिरीवर कळली. घागर तिथेच टाकून ती घरी आली.

"अहो, ऐकलंत का? रांजण फुटले!"

"ऐकलं."

"रांजण नाहीत तर गोवऱ्या टाकणार कशात? म्हातारीच्या अंगात पुन्हा माती तुडवायची ताकद नाही. मंगळहत्तीविरुद्ध तक्रार चालत नाही, एवढंच म्हणा आणि गप्प बसा. लोक खूश, राजा खूश, आणि आपण वर्षभर इथंच. देवानं आपणहून दिलंय हो!"

"दोन्ही बाजू ऐकल्यावर बघू," वरुणमित्र म्हणाला.

उत्पलेने कपाळावर हात मारला. लग्न झाल्यापासून ती हे एकच वाक्य ऐकत आली होती.

दुसऱ्या दिवशी तीही सभेत बायकांच्या बाजूला जाऊन बसली. पिंगळेने आधी हत्तीला, मग माहुताला आणि शेवटी खुद्द न्यायाधीशाला शिव्या दिल्या. "तू तरी काय दिवे लावणार आहेस म्हणा!" ती म्हणाली. वरुणमित्राने मान डोलावली. मग नलक माहूत उभा राहिला. तो बोलताना अडखळे, म्हणून त्याला कुणी कधी वाक्य पुरे करू देत नसे. सभेतले लोक हसायला लागले, तसा वरुणमित्राने हात वर केला. नलकाने आजोबांपासून सुरुवात केली. हत्तीचा स्वभाव, त्याचा दुखरा कान, त्या दिवशी कानाशी वाजलेला ढोल, सारे सांगितले. ऊन खांबावरून खाली उतरले तरी न्यायाधीश ऐकतच होता.

"झालं तुझं?" त्याने शेवटी विचारले.

"झालं, महाराज," नलक म्हणाला. त्याला स्वतःलाच नवल वाटले.

"मंगळहत्तीची सोंड लागते ते घर भाग्याचं, ही रीत मला मान्य आहे," वरुणमित्र म्हणाला. "पण मडकी सोंडेनं फुटली नाहीत, पायांनी फुटली. पायांच्या शुभाशुभाबद्दल रीत काही बोलत नाही. पायांनी मोडलं ते पायांनीच भरून द्यावं. सगळी मडकी नव्यानं घडेपर्यंत हत्तीनं पिंगळेची माती तुडवावी. आधी रांजणांची."

सभेत एकच गलका झाला. मिरवणुकीचा हत्ती मजुरासारखा चिखलात! उत्पलेला नवऱ्याचा असा राग आला की तिला रडूच फुटले. त्याहून मोठा राग तिला स्वतःचा आला, कारण निवाडा बरोबर होता हे तिला कळत होते.

हत्ती पहिल्या दिवशी कुरकुरला, पाय आखडून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याला चिखलाची अशी गोडी लागली की संध्याकाळी तो बाहेर निघेना. रांजण वेळेवर तयार झाले. पौर्णिमेला मिरवणूक हत्तीवाचून निघाली आणि नगरातल्या लोकांनी गोवऱ्यांचा रांजण शिगोशीग भरला. पिंगळेनेही गोवरीच टाकली. उत्पलेने तिला गाठले.

"अगं, तुझ्या बाजूनं निवाडा दिला ना त्यांनी?"

"दिला की. पण रांजणातल्या गोवऱ्या माझ्या भट्टीला मिळतात. मी काय फुलांवर मडकी भाजू?"

नवराबायको नेसत्या वस्त्रानिशी वेशीबाहेर पडली. तेवढ्यात मागून नलक धापा टाकत आला. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात कोमेजलेले झेंडूचे फूल.

"बाई, हत्ती चिखलातून निघेना, म्हणून रांजणापाशी वेळेवर पोचलो नाही. हे राहिलं."

"तू तर हरलास ना रे?"

"हरलो. पण जन्मात पहिल्यांदा कुणी माझं शेवटपर्यंत ऐकलं."

उत्पलेने ते फूल केसांत माळले. मग ती खूप रडली, पण चालायची थांबली नाही.

भावाच्या अंगणात पाऊल टाकले तोच भावजय पुढे आली. "बरं झालं आलात, भावोजी! तुम्ही एवढे मोठे न्यायाधीश. या शेजारणीला जरा सांगा. आमच्या गाईनं हिचा भोपळा खाल्ला, तर केवढा तो तमाशा!"

उत्पलेने नवऱ्याचे उपरणे मागून ओढले. वरुणमित्राने पाय धुतले, ओसरीवर बसला आणि म्हणाला, "दोन्ही बाजू ऐकू."

उत्पलेने पायांवरची धूळ झटकली. पुन्हा चालावे लागणार होते. "वहिनी," ती म्हणाली, "तुम्ही हरणार. पण मन भरेस्तोवर बोलून घ्या."

भावजय पोटभर बोलली, आणि हरली. सांजभर तिने भांडी आदळली. उत्पला दाराशी बसून 'निघा आता' ऐकायची वाट पाहत होती. पाने मांडली. भावजयीने वरुणमित्राच्या वाफाळत्या भातावर तूप वाढले, थांबली, आणि आणखी एक पळी वाढली.

"आत या, वन्सं," ती फणकाऱ्याने म्हणाली. "गार होतंय."

विहारातले तंटे मिटवायला नेमलेला एक भिक्षू 'मला कुणीच चांगलं म्हणत नाही' असे रडगाणे घेऊन आला होता, त्याला भगवान बुद्धांनी जेतवनात ही कथा सांगितली. मग ते म्हणाले, "तेव्हाचा माहूत म्हणजे आताचा आनंद. उत्पला ती राहुलमाता. आणि न्यायाधीश मीच होतो."

"आणि मी, भगवन्?" भिक्षूने आशेने विचारले.

"तू तो हत्ती. काम दिलं की आधी कुरकुरतोस. जा, अजून थोडी माती तुडव, मग तुला बाहेर निघावंसं वाटणार नाही."

फूल पडो की गोवरी, दोन्हीकडे सारख्याच मनाने पाहणे, ही बोधिसत्त्वाची समचित्ततेची पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला नेलेला गुण, होय.