इद्रिस कुंभाराचे टोकदार भांडे

एका राज्यात, जिथे पाखरे माणसांशी बोलत आणि त्याचे कुणाला नवल वाटत नसे, इद्रिस नावाचा कुंभार राहत असे. त्याने एकदा मुठीएवढे भांडे घडवले. दगडासारखे टणक, तोंडात करंगळीही जाऊ नये, आणि तळ असा टोकदार की खाली ठेवताच कलंडावे.

सुलतानाने भर दरबारात विचारले, "हे कशासाठी?"

इद्रिस गप्प उभा राहिला. दरबारचा जादूगार जरगाम कडाडला, "उद्धटा! या भांड्याविषयी कुणी खरे बोलेपर्यंत तू पाखरू होशील. राज्यातले एकही चाक फिरणार नाही. आणि दर खोट्या उत्तरासरशी तुझी एक आठवण पुसली जाईल."

इद्रिसचा हुदहुद, डोक्यावर तुरा असलेला पक्षी, झाला. तो आपल्या विझलेल्या भट्टीवर जाऊन बसला.

त्याची बायको माहरुख भांडे ओढणीत बांधून निघाली. बंदरावरचा अत्तरवाला म्हणाला, "यात अत्तर भरतात." तिने घरी येऊन तेच सांगितले. हुदहुद आपले गाव विसरला. सरहद्दीवरचा बुरुजकरी म्हणाला, "यात जळते तेल भरून शत्रूवर फेकतात." हुदहुद आईचा चेहरा विसरला. डोंगरातला हकीम म्हणाला, "बेटी, हे पाऱ्याचे भांडे." माहरुखला ते पटले. ती आशेने धावत आली आणि बोलली.

हुदहुदाने मान वाकडी केली. "बाईसाहेब, आपण कोण?"

माहरुख भांडे मांडीवर घेऊन भट्टीपाशी बसली. आता कुठे जावे? भांडे कुरवाळताना तिच्या बोटांना गळ्याखाली एक खळगा लागला.

"हे कशासाठी आहे, मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "पण हा ठसा माझ्या धन्याच्या अंगठ्याचा आहे. त्यांच्यावाचून मला घर खायला उठते."

पिसे गळाली. इद्रिस उभा राहिला. राज्यातली चाके एकदम गरगरली.

"माहरुख," तो म्हणाला, "किती वाळलीस गं!"

"आता तरी सांगा, ते कशासाठी घडवलेत?"

इद्रिसने मान खाली घातली. "एका परदेशी गिऱ्हाइकाने नमुना दाखवला, तसे घडवले. कशासाठी ते मलाही ठाऊक नाही. भर दरबारात तसे म्हणायची लाज वाटली."

माहरुख हसली, आणि हसता हसता इतके दिवस अडवलेले सगळे रडू रडली. सुलतानाने जरगामला राज्याबाहेर घालवले, चाके थांबल्याने विझलेल्या कुंभारांच्या भट्ट्या पुन्हा पेटल्या. जशी त्या दोघांची गाठ पडली, तशी ताटातूट झालेल्या साऱ्यांची पडो.